बनवणारा अज्ञात

“उघडलं का?” कालिंदीताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“उघडतंय,” मी तिसऱ्यांदा म्हणालो.

रविवारची सकाळ होती आणि मिरजेतल्या ताईंच्या गाण्याच्या वर्गात सतरंजीवर तीन कॉम्प्युटर ओळीनं मांडून ठेवले होते. पहिला ताईंचा स्वतःचा, विंडोजवाला. दुसरा नगरपालिकेच्या शाळेतून रिक्षात घालून आणलेला, त्यावर लिनक्स. तिसरा ताईंच्या सुनेचा, रेवतीचा, चकचकीत मॅक. रेवती बंगळूरहून चार दिवसांसाठी आली होती आणि दुपारी दोनला परत निघणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते दोनच्या आत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. पुण्यातली बरी नोकरी सोडून गावी आलो होतो आणि वर्षभर घराच्या माडीवर बसून एकच गोष्ट बनवत होतो: कॉम्प्युटरवर वाजणारा तंबोरा. बाजारात इलेक्ट्रिक तंबोऱ्याचे डबे मिळत होतेच, पण त्यातला एखादा सुरू झाला की ताई म्हणायच्या, “ती पिठाची गिरणी बंद करा आधी.” माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र खऱ्या मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज होता, तार न् तार वेगळी रेकॉर्ड केलेली. ताईंचे जिल्ह्यात अकरा वर्ग. त्यांनी हो म्हटलं की माझं गाडं चाललं. नाही म्हटलं तर सोमवारी सकाळी दहाला पुण्यात नव्या नोकरीवर हजर व्हायचं पत्र माझ्या खिशात होतं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वर्षभर कळ काढली होती, आता त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “ताई हो म्हणाल्या तर ऱ्हा. न्हाई तर रातच्या गाडीत बस. मधलं काय न्हाई.”

ताईंची अट त्याहून साधी. “माझ्या मुली कुणी ह्या मशीनवर शिकतात, कुणी त्या. तिन्ही एकदम लावा. तिन्हींचा सूर एक असला तर घेतलं. एक जरी हललं तर नको. कान एकदा बिघडला की ब्रह्मदेव आला तरी दुरुस्त होत नाही, सन्मती.”

इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. सूर पारखायला त्यांनी दस्तगीरचाचांना बोलावलं, तिथं माझी पंचाईत झाली.

दस्तगीरचाचा म्हणजे तंबोरे बनवणाऱ्यांतले जुने जाणते. सत्तरी ओलांडलेली, डोळे अधू झालेले, पण कान असा की रस्त्यावरून सायकल गेली तर घंटीचा सूर सांगतील. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये जो तंबोरा वाजत होता ना, तो त्यांच्याच दुकानातला. उन्हाळ्यात मी रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. “मित्राला रियाजाला पाहिजे,” अशी थाप मारली होती. चाचांनी तासभर बसून तंबोरा लावून दिला, वर चहा पाजला आणि जाताना म्हणाले, “मित्राला सांग, सकाळी लवकर उठ म्हणावं.” खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. तंबोरा बनवणाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगणार, की तुमचा तंबोरा मी डब्यात भरून अकरा ठिकाणी वाटणार आहे? नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत पाच महिने गेले, आणि आता तो माणूस माझ्यासमोर भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, माझी आई पण आली होती. मी न जेवता निघालो म्हणून डबा घेऊन आली आणि “जरा बघते तरी काय चाललंय” म्हणून बसली ती बसलीच.

विंडोजवर तंबोरा सुरू झाला. पांढरी पाच. हार्मोनियमच्या त्या पट्टीनं हॉल भरून गेला. ताईंनी डोळे मिटले. चाचांची मान थोडी तिरकी झाली आणि तशीच राहिली. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि घाईघाईनं लिनक्सकडं वळलो.

लिनक्सवर दोनदा क्लिक केलं. काही नाही. परत केलं. एक काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. आत जाऊन बघितलं तर लिहिलेलं होतं की अमुक फाईल सापडत नाही.

“काय झालं?” ताई.

“काही नाही. माझ्या मशीनवर चालतंय हे.”

“मग तुमच्या मशीनला गाणं शिकवू का मी?”

रेवती फस्सकन हसली. माझे कान तापले. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि त्यावर ही फाईल दोन वर्षांपूर्वी कधीतरी मीच टाकलेली होती. टाकली आणि विसरून गेलो. मला वाटत होतं ती सगळ्यांकडं असतेच.

“काय मागतंय ते?” आईनं विचारलं.

“एक फाईल मागतंय.”

“तुझ्याकडं हाय न्हवं?”

“आहे. माझ्या लॅपटॉपवर आहे.”

“मग बांधून का न्हाई दिलीस?”

आता हिला काय सांगायचं! सकाळीच आमचं ह्यावरून वाजलं होतं. ताई काय म्हणतील ते म्हणोत, आईनं माझी वळकटी बांधून दारात ठेवली होती. गादी, मच्छरदाणी, तांब्या, लोणच्याची बरणी, काड्याची पेटी आणि एका पुडीत मीठ. मी चिडलो, “पुण्यात मीठ मिळत नाही होय?” तर म्हणाली, “मिळत असंल. पर पोचल्या पोचल्या भूक लागली तर हुडकत फिरणार हाईस? दुसऱ्याच्या घरात हे असंलच आन् ते असंलच, असं धरून पोराला धाडत नसत्यात.”

मी सतरंजीवर बसून लॅपटॉपमधून फाईल काढली आणि पेनड्राइव्हनं लिनक्सला दिली. तर त्यानं दुसरी मागितली. दुसरी दिली, तिसरी मागितली. देवाशप्पथ सांगतो, लग्नातला रुसलेला मेव्हणा सुद्धा इतकं मागत नाही. आई शेजारी बसून मोजत होती. “ही सातवी,” म्हणाली. मग मीच शहाणा झालो. एकेक देण्यापेक्षा लागेल ते सगळं एका फोल्डरात भरलं, प्रोग्रॅमला सांगितलं की बाबा, कुणाकडं मागू नकोस, आपल्याच गाठोड्यातलं घे. साडेअकराला लिनक्सवर तंबोरा बोलला. पांढरी पाच. विंडोजवाल्यात असा मिसळला की दोन वाजतायत हे कळेना.

“झालं बगा,” आई ताईंना म्हणाली. जणू तिनंच लिहिला होता प्रोग्रॅम. आणि खरं सांगायचं तर निम्मा तिचाच होता.

राहिला मॅक. मॅकचं मला टेन्शन नव्हतं. सांगलीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडं मॅक होता, त्याच्या स्टुडिओत तीन दुपारी बसून मी प्रोग्रॅमची मॅकसाठी वेगळी प्रत बनवली होती आणि रेवतीला मेलनं पाठवली होती. रेवतीनं ती उतरवून घेतली, क्लिक केलं आणि कपाळाला आठी घातली.

“अहो, हे उघडायचं नाही म्हणतंय.”

“काय म्हणतंय नेमकं?”

तिनं वाचून दाखवलं आणि मग आई टकामका बघत होती म्हणून तिला मराठीत सांगितलं, “म्हणतंय, हे उघडता येणार नाही. ह्याचा बनवणारा अज्ञात आहे.”

“अज्ञात म्हंजे?”

“म्हणजे कोण आहे ते माहीत नाही.”

आई एकदम गुडघ्यावर आली. “माहीत न्हाई? ह्यो बसलाय की हितं! मगदुमांचा सन्मती! तीन पिढ्या मिरजेत हाय आमचं घर. सांग की गं त्याला!”

“आई, ते मशीन आहे.”

“म्हणून काय झालं? कुणाच्या लेकराला असं अज्ञात म्हणत्यात व्हय? बेवारशी हाईस का तू?”

ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसून हसून रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी समजावून सांगितलं की मॅकवाल्यांकडं वर्षाची फी भरून नाव नोंदवावं लागतं, तशी ओळख नसली की ते असं विचारतं, आणि आपल्याला भरवसा असला तर वेगळ्या वाटेनं उघडता येतं. आईला ते मुळीच पटलं नाही. चाचा मात्र हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “काय म्हणालं यंत्र? परत एकदा सांग बेटी.”

“बनवणारा अज्ञात आहे, चाचा.”

“अच्छा,” चाचा म्हणाले.

मी त्या वेगळ्या वाटेनं प्रोग्रॅम उघडला, मॅकवर तंबोरा सुरू केला, आणि काय सांगू! आधीच्या दोघांचा पांढरी पाचचा षड्ज चाललेला, त्यात हा तिसरा भलताच वर जाऊन किंचाळायला लागला. तिघांचं मिळून असं काही झालं की बाहेर झोपलेलं ताईंचं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

“बंद करा! बंद करा ते!” ताईंनी कानांवर हात घेतले.

मी तिन्ही बंद केले. घड्याळात पावणेबारा. तीच फाईल, तेच रेकॉर्डिंग, तोच प्रोग्रॅम. स्टुडिओत तर नीट वाजत होता! नीट, म्हणजे शेजारी मिळवून बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून नीट. मला वाटलं, संपलं. रात्रीची गाडी, वळकटी, मीठ.

“चढलाय,” चाचा म्हणाले.

“ते मलाही कळलं चाचा,” ताई म्हणाल्या, “अगदी दगडालाही कळेल.”

“किती चढलाय ते सांगतो ना. काळी चारच्या पुढं गेलाय, पण पांढरी सहापर्यंत पोचला नाही. दीड पट्टी. दीडला जरासा कमीच धर.”

दीड पट्टी. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी टकटकलं. मी लॅपटॉपवर हिशेब घातला. रेकॉर्डिंग करताना मी आवाजाचे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे घेतले होते. रेवतीचा मॅक सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वाजवत होता. तेवढेच तुकडे भराभर वाजवले की सूर वर जाणारच, आणि किती वर, तर बरोबर दीड पट्टीला जरासा कमी. मी त्या म्हाताऱ्याकडं आ वासून बघत राहिलो. मला कॅल्क्युलेटर लागला ते ह्यांनी नुसत्या कानानं सांगितलं होतं.

“सापडलं!” मी ओरडलो. “वेग चुकलाय! मी चव्वेचाळीस धरून चाललो, हे मशीन अठ्ठेचाळीस आहे! आता ह्याच्यापुरतं अठ्ठेचाळीस करून टाकतो.”

“आणि उद्या तिसरंच निघालं तर?” चाचांनी विचारलं.

तो विचार मी केलाच नव्हता.

“इकडं ये. बस.” त्यांनी काठीनं सतरंजीवर जागा दाखवली. “आम्ही तंबोरा पाठवतो कलकत्त्याला, दिल्लीला. सुरात लावून पाठवतो का?”

“नाही?”

“कधीच नाही. तारा सैल करून पाठवतो. इथं मिरजेत सुरात लावला आणि पाठवला, तर तिथली हवा वेगळी. तार तुटेल, नाही तर भोपळा तडकेल. म्हणून सैल सोडायचा. पोचला, की तिथं दोन दिवस राहू द्यायचा. तिथली हवा विचारायची, मग खुंटी पिळायची. तू घरीच पिळून पाठवलास लेका. घाई केलीस.”

मी मॅकपुढं बसलो. मॅकवरचा प्रोग्रॅम म्हणजे आतून एक फोल्डरच असतो. त्यात शिरलो, वेग लिहिलेली ओळ खोडली आणि तिथं लिहिलं की सुरू झाल्यावर आधी यंत्राला विचार, तुझा वेग काय, आणि मग त्याप्रमाणं सूर लाव. एवढंच. दहा ओळी. पण दोनदा चुकलो, कारण आई मागून “सावकाश रं, सावकाश” म्हणत होती आणि रेवती हळूच बॅगा दारात आणून ठेवत होती.

साडेबाराला तिन्ही एकदम लावले.

मी आजवर पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले, पण तसा क्षण परत आला नाही. तीन यंत्रं आणि एकच तंबोरा. खर्ज जमिनीतून येतोय असं वाटत होतं. ताईंनी कुणाला न सांगता षड्ज लावला आणि हॉलमधलं सगळं, अगदी बाहेरचं कुत्रंसुद्धा, गप्प झालं. आईचा हात तोंडावर गेला होता.

ताईंनी डोळे उघडले. त्यांचा होकार मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण रीत म्हणून त्यांनी विचारलं, “काय चाचा? पास ना?”

“सूर पास,” चाचा म्हणाले. “यंत्र पण पास. ते तर फार हुशार निघालं.”

“म्हणजे?”

“त्यानं मघाशीच सांगितलं ना, बनवणारा अज्ञात.” चाचांनी मान माझ्याकडं वळवली. “सन्मती बेटा, हा तंबोरा कुणाचा?”

हॉलमध्ये तिन्ही तंबोरे चालूच होते.

खोटं बोलणं सोपं होतं. इंटरनेटवर मिळाला म्हटलं असतं तर ताईंना काय कळणार होतं? अकरा वर्ग माझ्या हातात आले होते, एका वाक्याचं अंतर. पण ज्या माणसानं आत्ता माझा सूर जुळवून दिला त्याच्यापुढं जीभ उचलेना.

“तुमचा,” मी म्हणालो. “तुमच्या दुकानातला. मित्रासाठी म्हणून मी खोटं सांगून रेकॉर्ड करून आणला. तुम्हाला विचारलं नाही.”

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी एकेक करत तिन्ही कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं बंद केले. “उचला हे सगळं,” म्हणाल्या. “चोरीच्या सुरावर माझ्या मुली गाणार नाहीत.”

आईनं डबा पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि हळू आवाजात म्हणाली, “चल. वळकटी बांधलेलीच हाय.” तिनं रागावून दोन थपडा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

“थांबा की ताई,” चाचा म्हणाले. “पोराला सोडा, मला तरी चहा द्याल का नाही? सकाळपासून कान वापरतोय माझा.”

“चाचा, तुम्ही ह्याची बाजू घेऊ नका.”

“बाजू कुठं घेतोय? पहिल्या तारेला ओळखला मी त्याला. मंगळवेढ्याकडचा भोपळा आहे तो, पाठीला चीर गेलेली. कुणी घेईना, तर मी महिनाभर बसून बुजवली. म्हणून त्या खर्जात शेवटी जरा हुंकार येतो. लेकरू ओळखायला वेळ लागतो का बापाला?” मग ते माझ्याकडं वळले. “मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस. विंडोजला नाही सांगितलंस. लिनक्सला नाही. शेवटी मॅकला सांगावं लागलं.”

“मग मॅकवर सूर चुकला तेव्हा तुम्ही गप्प का नाही बसलात?” मी विचारलं. “आपोआप नापास झालो असतो.”

“आणि माझा तंबोरा बेसूर वाजला असता? सगळ्यांसमोर?” चाचा पहिल्यांदा चिडले. “अक्कल आहे का तुला? तू चोर असशील, पण तंबोरा माझा आहे!”

ताईंना हसू आवरलं नाही. त्या हसल्या तसं रेवती हसली, आणि मग आई डोळे पुसत हसायला लागली.

“त्यात नाव घालायला किती वेळ लागतो?” चाचांनी विचारलं.

“पाच मिनिटं.”

“तंबोऱ्याच्या आत आम्ही नावाची चिठ्ठी चिकटवतो. बाहेरून दिसत नाही कुणाला. पण कुठं पडला, फुटला, तरी कळतं हा कुणाचा. घाल.”

“सगळ्यात आधी घाल,” ताई म्हणाल्या. “आणि बाहेरून दिसेल असं घाल. मग बघू अकरा वर्गांचं.”

मी घातलं. दस्तगीर हे नाव तीनदा खोडून लिहिलं तेव्हा बरोबर उतरलं. रेवती गाडीत बसायच्या आधी मॅकवर ते नाव बघूनच गेली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दहाला मला पुण्यात हजर व्हायचं होतं. मी साडेनऊला चाचांच्या दुकानात हजर झालो. त्यांनी माझ्या माफीचं भाषण अर्ध्यात तोडलं, हातात पॉलिशपेपर दिला आणि एक भोपळा पुढ्यात ढकलला. “नाव लावलंस, आता काम काय असतं ते बघ,” म्हणाले. दुपारी एकपर्यंत घासला. संध्याकाळी हात वर होत नव्हते. घरी आलो तर वळकटी दारातच होती. आईनं ती पुढं महिनाभर सोडली नाही. “ऱ्हाऊ दे,” म्हणायची, “तुझं काय सांगता येत न्हाई.” मीठ तेवढं काढून घेतलं.

चाचा जाऊन आता पाच वर्षं झाली. ताईंचे वर्ग चालू आहेत, अकराही ठिकाणी तोच तंबोरा वाजतो. दरम्यान कधीतरी चार पैसे आले तसे मी मॅकवाल्यांकडं फी भरून रीतसर नाव नोंदवलं. माझ्या छोट्या कंपनीला नाव काय दिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

ती नोंद झाली त्या दिवशी मी भाचीचा मॅक आईपुढं ठेवला आणि म्हणालो, तूच उघड. तिनं चष्मा लावला, एका बोटानं दोनदा क्लिक केलं आणि हात मागं घेऊन बसली. भांडायच्या तयारीनंच बसली होती. यंत्रानं काही विचारलं नाही. तंबोरा सुरू झाला, खर्जाच्या शेवटी तो हुंकार आला.

“बग,” आई म्हणाली, “चाचास्नी वळाखतंय आता.”